एकसष्टाचें कोडें

१,७६,६३,१९,०४९, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास, ही संख्या वरवर पाहतां इतर कोणत्याहि मोठ्या संख्येसारखीच दिसते. परंतु तिचा वर्ग करून त्यांतून एक वजा करावा व बाकीस ६१ नें भागावें, म्हणजे भाग निःशेष जातो. इतकेंच नव्हे, तर येणारा भागाकार हा २२,६१,५३,९८० या संख्येचा पूर्ण वर्ग असतो. एखाद्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत एक मिळविला असतां पुनः वर्गच यावा, या प्रश्नाला, शून्य सोडल्यास, याहून लहान पूर्णांकी उत्तर नाहीं.

आश्चर्य असें कीं, शेजारच्या संख्यांना हा प्रश्न मुळींच जड जात नाहीं. ६० ला ४ चा वर्ग पुरतो व ३१ चा वर्ग मिळतो. ६२ ला ८ चा पुरतो व ६३ चा मिळतो. मधल्या एकसष्टासाठीं मात्र कोटींच्या घरांत जावें लागतें. अंदाजानें चांचपडत जाणाऱ्याचें आयुष्य यांत सरावें!

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास ‘बीजगणितां’त हेंच उदाहरण घालून सोडविलें. मार्ग ‘चक्रवाल’ पद्धतीचा. एकसष्टांत ३ मिळविले कीं ८ चा वर्ग होतो. येथून आरंभ करून एकाच फेऱ्यांत ५ चा वर्ग गुणिले ६१, उणे ४, बरोबर ३९ चा वर्ग, येथें येऊन पोहोंचतां येतें. पुढें ब्रह्मगुप्ताची, म्हणजे सातव्या शतकांतील, ‘भावना’ लावली कीं ३८०५ व २९७१८ ही जोडी हातीं येते. तिच्यांत अधिक एकाऐवजीं उणें एक असतो. या जोडीची तिच्याशींच पुनः भावना केली म्हणजे इष्ट उत्तर सिद्ध होतें. कागदाचें एक पान यास पुरे. या दोन संख्यांचा भागाकार एकसष्टाच्या वर्गमुळाच्या इतका निकट आहे कीं, दोहोंतील फरकाचा पहिला अंक दशांशचिन्हानंतर अठराव्या स्थळीं येतो.

पांचशें वर्षांनीं, १६५७ सालीं, फ्रान्समधील फेर्मा यानें समकालीन गणितज्ञांपुढें हा प्रश्न टाकला, आणि त्यांपैकीं एक उदाहरण त्यानेंहि ६१ चेंच निवडलें! भास्कराचार्यांचें नांव त्याच्या कानांवर गेलें असण्याचा संभव नाहीं. सर्वांत अडविणारी लहान संख्या शोधतां दोघांनाहि तीच सांपडली, एवढाच याचा अर्थ. इंग्लंडांत ब्राउंकर यानें रीत शोधून काढली. पण ऑयलरनें चुकून श्रेय पेल याला दिलें व तेंच नांव समीकरणास चिकटलें. कोलब्रुकचें ‘बीजगणिता’चें इंग्रजी भाषांतर १८१७ सालीं निघालें, तोंपर्यंत पाश्चात्य पुस्तकांतून तें रूढ होऊन गेलें होतें.

श्रेयाचा प्रश्न इकडेहि सरळ नाहीं. या रीतीस ‘चक्रवाल’ म्हणतात, असें भास्कराचार्य स्वतःच दुसऱ्यांचा हवाला देऊन सांगतात. १०७३ मधील उदयदिवाकराच्या टीकेंत जयदेव नांवाच्या गणितज्ञाचे श्लोक उद्धृत आहेत, आणि त्यांत ही रीत संपूर्ण आली आहे. ही गोष्ट कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ सालीं प्रकाशांत आणली.