पंच, पंचहौद आणि चहाची जिन

आजचा विषय कळल्यावर आपल्यापैकी दोघा-तिघांनी मला फोन केला. "सर, तुम्ही तर घेत नाही. मग या वयात हे काय सुचलं?" तर आधी ते सांगतो.

दिवाळीत नातू आला होता. इथे गंगापूर रोडवर, आमच्याच स्वयंपाकघरात, त्याने जिनच्या बाटलीत चार चमचे दार्जिलिंग चहाची पत्ती टाकली. उकळणं नाही, काही नाही. तीन तासांनी गाळून घेतली. म्हणाला, "आजोबा, रात्रभर ठेवली तर कडू होते. चहातला तुरटपणा दारू भराभर ओढून घेते." मग लिंबाचा रस, साखरेचा पाक, पाणी आणि बर्फ. रंग मोठा सुरेख आला होता, हे कबूल केलं पाहिजे.

स्वयंपाकाला येणाऱ्या ताई पेठ तालुक्यातल्या. त्या हे बघत होत्या. हसून म्हणाल्या, "बाबा, तुमच्याकडं केली की पार्टी, आमच्या पाड्यावर केली की हातभट्टी!"

मी लगेच समजावलं, की बाई, हा दारू गाळत नाहीये, परवान्याच्या दुकानातून आणलेल्या दारूत पत्ती भिजवतोय. उत्तर बरोबर होतं. पण मला ते पुरलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, असं समजा.

नातवाला वाटतं, हा प्रकार परदेशातून आला. आता बघा. १६३८ साली मांडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरला होता. तिथे रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई, असं त्याने लिहून ठेवलंय. आणि त्याच वखारीतल्या एका मिश्रणाचीही तो नोंद करतो: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. त्याचं नाव तो 'पालेपुंत्स' असं काहीतरी देतो. हेच ते 'पंच'. पुढे १६७० च्या दशकात जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मुंबई, सुरत, जुन्नर असा फिरला. त्याने सरळ सांगितलं, की हा शब्द इथल्या 'पाच'वरून आला, कारण यात घटक पाच. काही अभ्यासक त्याचा संबंध पिंपाच्या इंग्रजी नावाशी लावतात, तो वाद आहे. पण मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे पाच घटक आपल्या किनाऱ्यावर हाताशी होते, यात वाद नाही. मसाल्याच्या जागी पुढे चहाही येऊ लागला.

यातलं मद्य कोणतं? ताडी-माडीपासून गाळलेलं. गोव्याची 'अरक' तेव्हा नावाजलेली होती. १६८९ मध्ये सुरतेला आलेला पाद्री ओव्हिंग्टन गोव्याच्या आणि बंगालच्या अरकेची तुलना करतो आणि युरोपीय लोक दोन्हींचं पंच करतात, असं सांगतो. चहाबद्दलही तो लिहितो: गरम मसाला घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर, पोटदुखीवर घेतात. म्हणजे चहा औषध, आणि दारू पाहुणचार! आज बरोबर उलट आहे की नाही?

ही उलटापालट कशी झाली? इथे दोन घटना शेजारी ठेवतो.

पहिली, १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. गाळणं, विकणं, झाडावरून ताडी काढणं, सगळं परवान्याखाली आणि करांखाली गेलं. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि मोहाची फुलं साठवण्यावर बंधनं आली. आता, मोहाचं फूल म्हणजे नुसती दारू नव्हे. आदिवासी घरात ते खाण्याचंही आहे. बोलताना भाषा लोकांच्या हिताची, आणि राखायचा होता महसूल.

दुसरी घटना त्याच काळातली, पुण्याची. ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. त्यात टिळक होते आणि आपल्या निफाडात जन्मलेले न्यायमूर्ती रानडेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. कशासाठी? एक कप चहासाठी. चहात काय दोष होता? काहीही नाही. तो मिशनच्या टेबलावर होता, एवढंच. आणि १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर तर प्रश्न साध्या पाण्याचा होता!

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक भेद करतो. पेयाबद्दल दोन प्रश्न असतात. त्याने माणसाचं नुकसान होतं का, हा एक. ते कोण पितं, कुणाच्या हातचं पितं, हा दुसरा. पहिला हानीचा, दुसरा प्रतिष्ठेचा. आपली सवय अशी, की नाव पहिल्याचं घ्यायचं आणि निकाल दुसऱ्याचा द्यायचा.

म्हणून मी दारूची वकिली करतोय, असं कृपा करून समजू नका. हातभट्टीच्या विषारी दारूने माणसं मेलेली आहेत, आंधळी झालेली आहेत. ताईंच्या घरची दोन एकर जमीन दारूपायी गेली, हे मला नंतर कळलं. म्हणजे ज्या बाईने मला टोकलं, तिला दारू मोकळी करून नको होती. तिचं म्हणणं एवढंच, की माप एक ठेवा. जमीन गाळलेल्या दारूने जाते, तशी दुकानातल्या बाटलीनेही जाते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आजही आपल्या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो. या सभागृहातल्या किती जणांनी तो काढलाय? हात वर करू नका, मी मोजणार नाही.

नातवाला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुझा पेला परदेशी नाही, त्याचा जन्म इथल्या किनाऱ्यावरचा आहे आणि ती अरक गाळणारे हात इथलेच होते. दुसरी, पाड्यावरच्या माणसाला जे विचारतोस, ते स्वतःलाही विचार: किती घेतोस, आणि त्याचा भार कुणावर पडतो?

तो काही बोलला नाही. ताई मात्र चहा ठेवायला उठल्या. बाहेर आपलाही चहा तयार आहे. साधाच आहे.