आधी गोळी, मग बटण

घरात कुणाला 'शुगर' असेल तर डब्यात मेटफॉर्मिनची गोळी असतेच. हे रसायन 1922 साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी बनवलं. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापले ते 1957 साली. गोळी साखर उतरवत होती. कशी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट पूर्ण वेगळीकडे सुरू झाली. 1973 साली दोन गटांना स्वतंत्रपणे दिसलं, की एक एन्झाइम चरबी तयार होणं थांबवतं आणि एक कोलेस्टेरॉल. 1987 साली स्कॉटलंडच्या डंडीमध्ये ग्रॅहम हार्डी यांच्या गटाने दाखवलं, की ही दोन नाहीतच, एकच आहे. त्याचं नाव एएमपीके. पेशीचं चलन म्हणजे एटीपी. ते खर्च होत गेलं की एएमपी साठतं, आणि त्याची चाहूल लागताच हे एन्झाइम बांधकाम बंद करून इंधन जाळायला लावतं. महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या आईसारखं!

2001 साली दोन्ही धागे जुळले: मेटफॉर्मिन यकृताच्या पेशींत एएमपीके चालू करते. झालं, बटण सापडलं. आता थेट तेच दाबणारं औषध बनवायचं.

पण 2010 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी यकृतात एएमपीके नसलेले उंदीर घेतले. त्यांचीही साखर मेटफॉर्मिनने उतरली. इतकं देखणं स्पष्टीकरण एका प्रयोगात लंगडं झालं.

तरी शोध थांबला नाही. 2017 साली मर्क कंपनीच्या एमके-8722 या रेणूने उंदरांची आणि माकडांची साखर खरोखर उतरवली. सोबत त्यांचं हृदय मोठं झालं, त्यात ग्लायकोजेन साठलं. मला खटकतं ते हे, की इशारा आधीच मिळालेला होता. याच एन्झाइमच्या एका घटकाच्या जनुकात बिघाड असलेल्या माणसांचं हृदय असंच जाड होतं, हेही 2001 सालीच कळलं होतं.

अडचण अशी, की एएमपीके हे एक बटण नाहीच. तीन घटकांच्या वेगवेगळ्या जोडण्यांतून त्याची बारा रूपं होतात. स्नायूतलं दाबायचं आणि हृदयातलं नाही, हे जमवायचं आहे. मेटफॉर्मिन मात्र रोज कोट्यवधी लोक घेतात, आणि ती नेमकी कुठे काम करते, यकृतात की आतड्यात, यावर अजून वाद चालू आहे.