दोष गाईचा की दाण्याचा?



गाय दोन-तीनदा उलटली की आपण तिला वांझ ठरवतो आणि बाजाराचा रस्ता दाखवतो. वळूकडे कुणी बोट दाखवत नाही. आणि वळूच्या पुढ्यातल्या घमेल्याकडे तर नाहीच नाही. त्या घमेल्याचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९२८ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातून पशुवैद्यांनी एक नवल नोंदवले. बुरशी आलेला मका खाणाऱ्या डुकरिणींची जननेंद्रिये माजावर आल्यासारखी सुजत होती. संशय मक्यावर गेला. पण मक्यात आहे तरी काय, हे कळावयास चौतीस वर्षे लागली. १९६२ साली पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी फ्युजेरियम नावाच्या बुरशीतून ते द्रव्य वेगळे काढले. पुढे १९६६ मध्ये त्याची रचना उलगडली आणि त्याला झिअरॅलेनोन हे नाव मिळाले.

हे द्रव्य करते काय? मादीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ते सोंग घेते. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला आणि पुष्कळ लोक फसले, त्यातलाच हा प्रकार! हा तोतया वयात येणाऱ्या नर डुकराच्या शरीरात शिरला, की वृषणांची वाढ खुंटते, इच्छा मंदावते, शुक्राणू घटतात. गाईबैलांना हे विष डुकरांइतके बाधत नाही, हे खरे. पण म्हणून बुरसटलेले खाद्य त्यांना निर्धोक, असे मात्र नव्हे.

कारण बुरशीची विषे अनेक आहेत. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. ते यकृत पोखरते, जनावर खंगते. प्रयोगांत नरांच्या वीर्यावरही त्याचा वाईट परिणाम दिसला आहे. १९७४ साली आपल्या शेजारी, गुजरात-राजस्थानातील खेड्यांत, असा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली.

मग वळूवरचा परिणाम आपल्या ध्यानात का येत नाही? वळूच्या शरीरात शुक्राणू तयार व्हावयास सुमारे दोन महिने लागतात. श्रावणात खाल्लेल्या विषाचा परिणाम दसऱ्याच्या सुमारास दिसावयाचा. तोवर पोते संपलेले असते, पुरावा नाहीसा झालेला असतो, आणि आरोपी म्हणून उभी राहते बिचारी गाय!

तेव्हा दाणा खडखडीत वाळवा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. शिजवल्याने बुरशी मरते, विष मरत नाही, हे गुरुजींनी मुलांना अवश्य सांगावे. वास आलेली पेंड दुभत्या गाईला नको म्हणून वळूपुढे टाकू नका.

गाय उलटण्याची कारणे दुसरीही असतात. प्रत्येक वेळी दोष बुरशीचाच असतो असे नाही. पण तिच्या गळ्यात विक्रीचा दोर बांधण्याआधी पशुवैद्याकडून वळूचे वीर्य तपासून घ्या, आणि एकदा पोत्याचे तोंड सोडून आत पाहा.