पाणी बघायला

आमच्या घरी जुना कागद सापडला नाही की उत्तर ठरलेलं: पानशेतात गेला. आजोबांचा मॅट्रिकचा दाखला, आजीच्या लग्नातला एकुलता एक फोटो, भाड्याच्या पावत्या, सगळं १२ जुलै १९६१ च्या खाती जमा. (त्यातला एखादा कागद पुराच्या आधीच सावकाराकडे गेला असावा, असा माझ्या वडिलांना संशय होता. पण पानशेत म्हटल्यावर पुढे विचारायची सोय नसे.)

पानशेत हे पुण्याजवळचं, आंबी नदीवरचं मातीचं धरण. त्या जुलैत ते पुरतं बांधूनही झालं नव्हतं. पाऊस लागून राहिला, पाणी चढत गेलं, भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी सातच्या सुमारास धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्यात आलं आणि १८७९ सालचं ते जुनं धरणही दुपारी गेलं.

या दोन फुटण्यांच्या मधले तास हा आत्याचा आवडता विषय. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, घर पुण्यात नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. ‘धरण फुटलंय’ ही बातमी सायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी ओरडून सांगितली. ऐकून लोक पळाले असतील असं आपल्याला वाटतं. पेठ निघाली ती लकडी पुलाकडे, पाणी बघायला! कुणी छत्री घेतली, कुणी पोराला खांद्यावर बसवलं. आमचे आजोबाही गेले. “धरण तिकडे डोंगरात, आपल्याला काय होतंय,” हे त्यांचं वाक्य आजीने त्यांना पुढे जन्मभर ऐकवलं. पुलाच्या कमानी भरत आलेल्या पाहून ते धावत परतले, तेव्हा दारात आजी पोरांना घेऊन तयार होती. शेगडीवर पाणी ओतलेलं, भाजणीचा डबा काखेत. जिन्याखाली मीटरशेजारी मेन स्विच होता. लाकडी लाटण्याने तो खटका तिने खाली ओढला होता. हात लावायची तिला भीती वाटे, म्हणून लाटणं. माहेरी विजेचा दिवाही न पाहिलेल्या बाईला हे कुणी शिकवलं, ते कळलं नाही. सगळे पर्वतीच्या टेकडीवर गेले. लकडी पूल पाण्याखाली गेला.

आधी वीज बंद करायची, हा आजीचा पहिला नियम. दुसरा पूर ओसरल्यावरचा, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. वाडे भेंड्यांचे आणि मातीचे. पाणी उभं होतं तोवर ज्या भिंती टिकल्या, त्यातल्या कितीतरी पाणी उतरल्यावर बसल्या; आत मुरलेलं पाणी मातीला जड करतं आणि बाहेरचा आधार तेवढ्यात गेलेला असतो. आजीने गुडघाभर चिखलात उभं राहून कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. शेजारचे एक गृहस्थ तांब्याचा हंडा काढायला आत शिरले. मधली भिंत बसली. ते वाचले, पण पुढे काठी सुटली नाही. हंडा मात्र धड निघाला.

मग आली पाण्याची टंचाई. शहराचे नळ खडकवासल्यावर चालत आणि तेच फुटलेलं. घरांत गाळ, आणि प्यायला थेंब नाही. पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांकडे लोक पुन्हा कळशा घेऊन वळले. आजी ते पाणी फडक्याने गाळून, उकळून देई. त्याच दिवसांत ‘पाणी आलं, पाणी आलं’ अशी हूल उठली की गल्ली रिकामी होई. आधी खऱ्या बातमीला न हललेली माणसं आता खोटीला पळत होती.

आजही खडकवासल्यातून विसर्ग वाढला की संदेश येतो: अमुक इतके क्यूसेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पस्तीस हजार क्यूसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आकडा चोख असतो. पण सतर्क राहायचं म्हणजे माणसाने नेमकं करायचं काय? कुठल्या गल्लीत पाणी कधी येईल, वर कुठे जायचं, वीज कोण बंद करणार, हे त्यात नसतं. मग लोक त्यांना सुचेल ते करतात: भिडे पूल बुडाला की कठड्याशी गर्दी करून मोबाइल उंच धरतात.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. सूचना वेळेवर आलीच नाही, असं रहिवाशांचं म्हणणं होतं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे हातगाडी हलवायला गेलेले तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा सिंहगड रस्त्यालाच तळमजल्यावर राहत होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आत्याने त्याला फोन करून झोपेतून उठवलं. “बाळ्या, पाणी दारात येण्याआधी मेन बंद कर. पोरांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर जा, कुणाचंही दार वाजव. आणि गाडी काढायला खाली पार्किंगमध्ये उतरलास तर माझ्याशी गाठ आहे.”

तो उतरला नाही. गाडी छपरापर्यंत बुडाली. विमेवाल्यांशी त्याचं अजून भांडण चालू आहे, आणि कागदपत्रं मागितली की तो म्हणतो, पुरात गेली.