बंद इंजिनाचे भय

विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना एक नियम पुस्तकातून शिकावा लागत नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटून जाते. अंगठा गुंडाळलेला असेल तर तो तरी मोडतो, नाही तर मनगट. हिंगोली जिल्ह्यातील एका शिक्षक-शिबिरात आम्ही हे सांगत होतो, तेव्हा मागच्या रांगेतील एका गुरुजींनी काही न बोलता आपला वाकडा अंगठाच वर करून दाखवला. त्यावर एका बाईंनी विचारले, “सर, इंजिन तर बंद होते ना? मग झटका दिला कोणी?”

प्रश्न मोलाचा आहे. हँडल फिरवताना आपण सिलिंडरमधील हवा दाबत असतो, म्हणजे तिच्यात ऊर्जा साठवत असतो. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच इंधन पेटले, तर तो पुढे जाण्याऐवजी मागे फेकला जातो. ‘बंद’ हा शब्द आपण इंजिन फिरत नाही एवढ्याच अर्थाने वापरतो. त्याच्या पोटात काही साठलेले नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. विमानाच्या पिस्टन इंजिनाची तपासणी करताना आणि त्याचे भाग बदलताना पाळायचे कितीतरी नियम या एका गैरसमजातून निघाले आहेत. धातूंना तडे कसे जातात हा आमच्या अभ्यासाचा विषय. त्या निमित्ताने हे नियम वाचावे लागले आणि त्यांच्यामागचा इतिहास हळूहळू समोर आला.

हा इतिहास विमानाच्या पहिल्या उड्डाणाच्याही आधी सुरू होतो. राइट बंधूंच्या विमानाचे सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन त्यांचा कारागीर चार्ली टेलर याने बनवले होते. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉक येथे चाचणी घेताना इंजिनाच्या धक्क्यांनी प्रोपेलरचे दंड खराब झाले. ते दुरुस्त होऊन आले, पण महिनाअखेर पुन्हा एका दंडाला तडा गेल्याचे आढळले. हे दंड पोकळ पोलादी नळ्यांचे होते. ऑर्व्हिल स्वतः डेटनला परत गेला, भरीव पोलादाचे नवे दंड करून घेतले आणि ११ डिसेंबरला परतला. १७ डिसेंबरचे उड्डाण सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीची ही तपासणी आणि बदललेला हा भाग पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. थंडी वाढत चालली होती, हंगाम संपत आला होता. तरीही तडा गेलेल्या दंडावर एकदा उडून पाहू, असे त्या भावांना वाटले नाही.

आपल्याकडे टाटांचे नियमित हवाई टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाले. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमाने ‘पस मॉथ’ जातीची, एकेका इंजिनाची. जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड होती. देखभालीला एक अर्धवेळ अभियंता आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हले. अशा अवस्थेत पहिल्या वर्षी एकदाही टपाल उशिरा पोहोचले नाही, आणि त्याबद्दल नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्या अहवालात त्यांची वाखाणणी केली. वाखाणणी वैमानिकांच्या वाट्याला आली हे ठीकच आहे. त्या दोन शिकाऊ मुलांची आठवणही व्हायला हवी.

त्यांच्या कामातला धोका पाहू. ‘पस मॉथ’चे चार सिलिंडरचे ‘जिप्सी’ इंजिन मेकॅनिकने समोर उभे राहून, प्रोपेलर हाताने फिरवून सुरू करायचे असे. इंजिनाला ठिणगी देणारे यंत्र म्हणजे मॅग्नेटो. तो बॅटरीवर चालत नाही. त्यातले चुंबक फिरले की वीज तयार होते, म्हणजे प्रोपेलर हलवणारा माणूसच वीज निर्माण करत असतो. मग ‘स्विच बंद’ याचा अर्थ काय? घरातला दिवा बंद करताना आपण वायर तोडतो. इथे उलटे आहे. स्विच बंद केला की मॅग्नेटोची एक वायर इंजिनाच्या धातूला जोडली जाते आणि ठिणगीसाठी लागणारी वीज तिथेच जिरते. ही वायर तुटली किंवा सैल झाली, तर स्विच ‘बंद’वर असूनही मॅग्नेटो चालूच राहतो.

हे मुद्दाम केलेले आहे. आकाशात वायर तुटली तर इंजिन बंद पडू नये, चालत राहावे. त्याच हेतूने प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो देतात. पण वैमानिकाला वाचवणारी हीच तुटकी वायर जमिनीवर मेकॅनिकचा हात तोडू शकते. म्हणून प्रोपेलर सदैव ‘जिवंत’ समजावा, आणि इंजिन हाताने फिरवून काही तपासायचे असेल तर आधी प्लगच्या वायरी काढाव्यात किंवा प्लगच बाहेर काढावेत, हा नियम झाला. स्विच पाहून खात्री झाली असे समजायचे नाही.

व्यवसाय वाढला तसे हे शहाणपण कागदावर आले. भारतात १९३४ चा विमान कायदा आणि त्याखालील १९३७ चे नियम झाले. त्यातील ६१ वा नियम विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याच्या परवान्याचा. दुरुस्त केलेल्या किंवा बदललेल्या भागाखाली परवानाधारकाची सही हवी; इंजिन किती तास चालले याची वही हवी; आणि विमानाच्या नियंत्रणाशी संबंधित जोडणी एकाने केली तर ती दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायला हवी. आमच्या मते या साऱ्यात सहीची कल्पना सर्वांत मोठी आहे. नट घट्ट केला की नाही हे आठवणीवर न सोडता, एका नावावर सोडले गेले. (१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे, सही मात्र सुटलेली नाही.)

दुसऱ्या महायुद्धानंतर डाकोटा विमाने आली. हिंगोली त्या वेळी हैदराबाद संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात होती (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ चा), आणि संस्थानाच्या रेल्वेने टाटांसह १९४५ मध्ये काढलेली डेक्कन एअरवेज ही कंपनी बेगमपेठहून हीच विमाने चालवी. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर, चक्राच्या आऱ्यांसारखे दोन रांगांत मांडलेले. घनफळ सुमारे ३० लिटर, शक्ती १२०० अश्वशक्ती, आणि प्लग २८. दोन इंजिनांचे मिळून ५६.

वर्तुळाकार मांडणी म्हटली की काही सिलिंडर खाली तोंड करून असणारच. विमान रात्रभर उभे राहिले की तेल झिरपून त्यांत साठते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. असे इंजिन एकदम सुरू केले तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वर्गात हे दाखवायला एक सिरिंज पुरते. टोकावर बोट ठेवून आधी हवा दाबून पाहावी, मग पाणी भरून.

म्हणून सकाळी स्विच बंद ठेवून, जिवंत समजूनच, प्रोपेलर हाताने हळूहळू फिरवायचा. अडला तर जोर करायचा नाही. इथपर्यंत कोणालाही पटेल. पुढचा नियम जास्त बोलका आहे: अडला म्हणून उलटाही फिरवायचा नाही. उलटा फिरवला की अडथळा नाहीसा झाल्यासारखा वाटतो, पण तेल हवा घेण्याच्या नळीत गेलेले असते आणि इंजिन सुरू होताच पुन्हा सिलिंडरमध्ये येते. खालचे प्लग काढून तेल वाहून जाऊ द्यायचे, हा एकच मार्ग. यात वेळ जातो, हात माखतात, प्रवासी ताटकळतात. आणि रॉड थोडासाच वाकला तर तो त्या दिवशी तुटेलच असे नाही. प्रत्येक फेऱ्यात त्यावर ताण येत राहतो, बारीक तडा वाढत जातो आणि कित्येक तासांनी, कदाचित दुसऱ्याच कोणाच्या पाळीत, तो मोडतो. धातूच्या या थकव्याला कालची घाई लक्षात राहते.

इंजिन थांबण्याची सर्वांत वाईट वेळ म्हणजे जमीन सोडल्यानंतरची पहिली काही सेकंदे. उंची नाही, वेग पुरेसा नाही. १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालासाठी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने नागपूरला सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. १२ डिसेंबर १९५३ रोजी यांपैकीच इंडियन एअरलाइन्सच्या एका डाकोटाचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झाले आणि विमान कोसळले. १४ जणांपैकी १३ मृत्युमुखी पडले. त्यांत कामगार नेते आणि लोकसभा सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. डाकोटाला दोन इंजिने होती. त्या क्षणी दुसरे पुरले नाही.

तडा डोळ्यांना दिसण्याआधी शोधणे हे म्हणून मोठे काम ठरले. पोलादी भाग चुंबकित करून त्यावर लोहाची बारीक भुकटी टाकली की ती तड्याच्या काठावर गोळा होते, कारण चुंबकीय रेषा तिथे बाहेर पडतात. चुंबकाखाली लोहकीस पसरण्याचा शालेय प्रयोगच हा. १९३० च्या दशकात तो उद्योगात रुळला. नियम असा की तपासणीनंतर भागातील चुंबकत्व काढून टाकायचे. ते राहिले तर तो भाग तेलातील पोलादाचे कण ओढून बेअरिंगमध्ये नेतो.

आता एक नियम शाळांसाठीही. मोठ्या इंजिनांचे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून जळत. सॅम हेरॉन याने १९२० च्या दशकात त्यांचा दांडा पोकळ करून त्यात सोडियम भरण्याची पद्धत विकसित केली. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळते, दांड्यात वरखाली हिंदकळते आणि तोंडाची उष्णता दांड्याकडे वाहून नेते. १९२७ मध्ये लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला त्या इंजिनातही असे व्हॉल्व्ह होते. पण वापरून टाकलेल्या व्हॉल्व्हमध्येही सोडियम तसेच असते, आणि सोडियम व पाणी यांचे काय होते हे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला नको. म्हणून असे व्हॉल्व्ह कापू नयेत, घासू नयेत, ठोकण्यासाठी पंच म्हणून वापरू नयेत आणि साध्या भंगारात टाकू नयेत, असा नियम आहे. काही मोटारींच्या इंजिनांतही ते असतात. शाळेच्या संग्रहासाठी भंगारवाल्याकडून व्हॉल्व्ह आणलात तर मुलांना तो अखंडच दाखवावा. आत काय आहे ते फळ्यावर काढावे, करवतीने पाहू नये.