खाणीची नोकरी आणि गावचा चेंडू

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि तलवारी उभ्या राहतात. फुटबॉलच्या एका संघाचा इतिहास सांगतो म्हटले, तर फराळाच्या ताटाभोवती जमलेली वडीलधारी मंडळी चष्म्यावरून पाहतील आणि विचारतील, "मास्तर, दिवाळीला हाच विषय मिळाला का?" परंतु राजे येतात नि जातात, आणि त्यांच्या धामधुमीत सामान्य माणूस संध्याकाळी काय करत होता, हे बखरीत कुठेच सापडत नाही. ते सापडते अशाच ठिकाणी, खेळाच्या मैदानावर.

शिवाय डहाणू-तलासरीच्या आगरातल्या माणसाला ही गोष्ट अगदीच परकी नाही. आमचा हा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या हाताखाली होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो सुटला, पण उत्तरेला दमण त्यांच्याकडेच राहिले. तलासरीच्या सीमेला लागून असलेली नगरहवेली १९५४ मध्ये मुक्त झाली, आणि दमण व गोवा १९६१ च्या डिसेंबरात. पोर्तुगीज राज्याची एक कड अशी आमच्या दाराशी होती. तिच्या दुसऱ्या कडेला, गोव्यात, हा संघ जन्मला.

गोवा तो केवढा! क्षेत्रफळ सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर आणि १९६१ ची लोकसंख्या जेमतेम सहा लाख. एवढ्याशा मुलखात फुटबॉल आणला तो पोर्तुगीजांनी नव्हे, एका इंग्रज धर्मगुरूने. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे १८८३ मध्ये शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांच्या पायाशी चेंडू टाकला. पुढे त्यांनी हडफड्याला शाळा चालवली. शाळेतून खेळ गावात गेला. भाताची कापणी झाली की रिकामे शेत हेच मैदान, आणि फेस्ताच्या दिवशी एका गावाने दुसऱ्या गावाशी झुंजायचे, अशी रीत पडली. वाड्याचा मान, गावाचा मान, सारा त्या चेंडूवर.

हा खेळ गावचा होता तोवर त्यात पैसा नव्हता. पैसा आला तो तांबड्या मातीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोहखनिजाला जपानची मोठी मागणी आली. मांडवी आणि झुआरी या नद्यांतून खनिजाने भरलेल्या बार्जेस मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या. खाणीचे मालक श्रीमंत झाले, आणि गावोगावचे तरुण खाणीवर, धक्क्यावर, कार्यशाळेत कामाला लागले. या खाणमालकांपैकी एक वासुदेव महादेव साळगावकर. त्यांनी १९५६ मध्ये संघ उभा केला, तोच साळगावकर फुटबॉल क्लब. वास्को शहर हे त्याचे घर. त्याच शहरात १९५१ पासून वास्को स्पोर्ट्स क्लब होता, तेव्हा शेजारीच प्रतिस्पर्धी मिळाला.

हे १९५६ साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्टला, गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सीमा बंद झाल्या होत्या. गोव्यातल्या संघाने मुंबईला किंवा कोलकात्याला जाऊन खेळावे, अशी स्थिती उरली नव्हती. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये, नेव्हिल डिसोझा या खेळाडूने भारताच्या बाजूने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. भारत चार विरुद्ध दोन असा जिंकला. हा नेव्हिल गोमंतकीय कुळातला, परंतु मुंबईत वाढलेला आणि टाटांच्या संघातून खेळणारा. एकाच मातीची माणसे. एक भारताचा झगा अंगावर घालून जग गाजवत होता, आणि दुसरी बंद सीमेच्या आत आपापसांत खेळत होती. सीमारेषा नकाशावर ओढतात, पण ती माणसाच्या नशिबावरून जाते, ती अशी.

आता या संघाची घडण कशी होती ते पाहू. आजच्यासारखे लिलाव आणि कोटीचे करार तेव्हा नव्हते. खाणवाल्यांचे, बंदराचे, कारखान्यांचे जे संघ होते, त्यांची रीत सरळ होती. चांगला खेळणारा मुलगा दिसला की त्याला नोकरी द्यायची. त्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर लागे. सकाळी काम आणि संध्याकाळी सराव. मुंबईत टाटा आणि मफतलाल यांनीही हेच केले. याला कोणी अर्धा धंदेवाईक खेळ म्हणतात. मला तर ती मोठी शहाणी तडजोड वाटते. खेळाडूचा गुडघा एक दिवस दुखावणारच, वय तिशीच्या पुढे सरकणारच. त्या दिवशी पगार थांबला नाही, तर त्याच्या घरची चूल विझत नाही. पोराला मैदानावर पाठवताना आईचा जीव धास्तावत नाही. गरीब घरातला मुलगा खेळाडू होऊ शकला, तो या हजेरीपटामुळे.

मुक्तीनंतर सीमा उघडल्या आणि गोव्याचे संघ भारताच्या मैदानांवर उतरले. तिथे मोहनबागान, ईस्ट बंगाल, महमेडन स्पोर्टिंग असे कोलकात्याचे दिग्गज बसले होते. मोहनबागानची स्थापना १८८९ ची. त्यांच्यापुढे साळगावकर म्हणजे कालचे पोर! शिकायला बरीच वर्षे गेली. संतोष चषक गोव्याने १९८२-८३ मध्ये बंगालसह विभागून घेतला आणि पुढच्याच वर्षी एकट्याने जिंकला. त्या दुसऱ्या वेळी ब्रह्मानंद शंखवाळकर हा कर्णधार आणि गोलरक्षक होता, आणि साऱ्या स्पर्धेत त्याच्या गोलात एकदाही चेंडू गेला नाही. हा ब्रह्मानंद साळगावकर संघाचा मोठा आधार. त्याला १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गोव्यातला फुटबॉल म्हणजे ख्रिस्ती मुलांचा खेळ, असा एक समज बाहेर असतो. चर्चच्या फेस्ताला जाणारा आणि देवळाच्या जत्रेला जाणारा, दोघे एका संघात एकमेकांना चेंडू देत होते, हे ज्याने पाहिले त्याचा हा समज टिकला नसता.

मग दिवस पालटले. साळगावकर संघाने १९८८ मध्ये फेडरेशन चषक जिंकला. गोव्याच्या क्लबाकडे तो चषक प्रथमच आला, आणि १९८९ मध्ये त्यांनी तो पुन्हा घेतला. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या तिसऱ्याच हंगामात, १९९८-९९ मध्ये, साळगावकर अजिंक्य ठरला. तो मानही गोव्याला पहिल्यांदाच मिळाला. ब्रुनो कुतिन्हो हा त्या काळचा त्यांचा नामांकित खेळाडू, पुढे अर्जुन पुरस्काराचा मानकरी. लीगचे रूप बदलून २००७ मध्ये आय-लीग झाली, आणि तिची पहिली सहाच्या सहा विजेतेपदे गोव्यात आली: तीन धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची, आणि २०१०-११ चे साळगावकरचे. त्याच २०११ मध्ये त्यांनी कोलकात्यातच ईस्ट बंगालला हरवून फेडरेशन चषकही नेला. एका जिल्ह्याएवढ्या मुलखाने सहा वर्षे साऱ्या देशाला मागे ठेवले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु चढ असतो तसा उतारही असतो. गोव्यात २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, आणि ज्या तांबड्या मातीतून संघांना पैसा येत होता तिलाच टाळे लागले. त्या पुन्हा सुरू होतात न होतात तोच २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. इकडे २०१४ मध्ये झगमगाटाची नवी इंडियन सुपर लीग आली होती. जुन्या आय-लीगला दुय्यम स्थान द्यायचे, आणि कितीही जिंकले तरी वरच्या पायरीवर चढायची सोय ठेवायची नाही, असा आराखडा पुढे आला. हे साळगावकर संघाला मान्य झाले नाही. २०१६ मध्ये त्याने स्पोर्टिंग क्लब द गोवासह आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोही त्याच वर्षी बाहेर पडला. गोव्याच्या घरगुती स्पर्धांत मात्र साळगावकर पुढेही खेळत राहिला.

माघार स्वाभिमानाची होती, यात मला शंका नाही. जिथे गुणाला बढती नाही तिथे राबायचे कशाला? कोणत्याही शाळेतला हुशार मुलगा हेच म्हणेल. पण दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्या मुलाच्या वडिलांनी, काकांनी या संघाच्या नावाने आरोळ्या दिल्या, त्याला कोणी विचारले नाही. साठ वर्षे लोक ज्याला 'आमचा संघ' म्हणत होते, तो कागदोपत्री मालकाचाच होता. मालक उदार होता तोवर हा भेद कोणाच्या लक्षात आला नाही. आश्रय देणाऱ्याचे उपकार मानावेत, पण आश्रय आणि मालकी यांतले अंतरही ओळखावे, हा या इतिहासाचा धडा आहे.

आणि तरीही गोव्यातला चेंडू थांबला नाही. २०१२ मध्येच सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान दिला होता. धेंपो २०२४ मध्ये खालच्या पायरीवरून जिंकत पुन्हा आय-लीगमध्ये आला. हे घडू शकले, कारण खाणवाल्यांच्या आधी सत्तर वर्षे हा खेळ शेतात आणि चर्चच्या आवारात रुजला होता. पैसा गेला तरी मूळ शाबूत होते. आपल्या आगरातली वाडीवाली मंडळी हे न सांगता समजतील. पाणी शेंदायला रहाट लागतो, विजेचा पंपही चालतो, आणि दोन्ही बिघडू शकतात. विहिरीला झरा असला म्हणजे वाडी वाळत नाही.

आपल्या तालुक्यांत धावणाऱ्या, दमाच्या पोरांना तोटा नाही. त्यांना मैदान गावाने द्यावे आणि भाकरी नोकरीने द्यावी. साळगावकरच्या हजेरीपटाने एका लहानशा मुलखाला देशात पहिले केले. त्या हजेरीपटाच्या जोडीला गावाची मालकी असती, तर २०१६ चा तो निर्णय एका कचेरीत नव्हे, मैदानावर, सगळ्यांच्या देखत झाला असता.