वहन (वनस्पती व मानवी शरीर)

वहन : सजीवाच्या शरीरात पाणी, क्षार, अन्न, प्राणवायू, संप्रेरके आणि टाकाऊ द्रव्ये एका भागातून दुसऱ्या भागात नेण्याची क्रिया. पोषण, श्वसन आणि उत्सर्जन या तिन्ही जीवनप्रक्रिया मोठ्या शरीरात वहनावाचून चालू शकत नाहीत.

अमीबासारख्या एकपेशीय जीवाला वहनाची वेगळी यंत्रणा लागत नाही. त्याच्या शरीरात पदार्थ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या स्वतःच्या हालचालीने, पसरतात आणि अंतर अतिशय लहान असल्यामुळे तेवढे पुरते. विसरणाला लागणारा वेळ मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, म्हणजे साधारण एका पेशीएवढे, अंतर सेकंदाच्या छोट्याशा अंशात ओलांडतो. एका मिलिमीटरला त्याला चारेक मिनिटे लागतात, एका सेंटिमीटरला सुमारे सात तास आणि एका मीटरला सुमारे आठ वर्षे. फुप्फुसातला प्राणवायू पायाच्या अंगठ्यापर्यंत किंवा मुळांतले पाणी शेंड्यापर्यंत अशा चालीने पोचणे अशक्य आहे. म्हणून मोठ्या शरीराला वाहता द्रव आणि त्यासाठी नळ्या लागतात.

माणूस आणि वृक्ष यांनी या गरजेवर काढलेले तोडगे मुळातच भिन्न आहेत. माणसाच्या शरीरात एक जिवंत स्नायू आयुष्यभर ऊर्जा खर्च करून द्रव ढकलतो आणि तोच द्रव फिरून परत येतो. वृक्षात पाणी वरून ओढले जाते, मृत नळ्यांतून आणि एकाच दिशेने. त्या कामाची ऊर्जा सूर्य पुरवतो. दोन्ही यंत्रणा शेजारी ठेवून पाहिल्या की प्रत्येकीचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते, म्हणून ही नोंद दोन्हींची एकत्र आहे.

मानवी शरीरातील वहन : रक्त यकृतात तयार होते आणि शरीरभर पोचून तेथेच खर्ची पडते, हे दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन यांचे मत युरोपात चौदाशे वर्षे प्रमाण मानले गेले. इंग्लंडमधील विल्यम हार्वी यांनी 1628 मध्ये ते खोडून काढले. त्यांचा युक्तिवाद साध्या गणिताचा होता. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते याचा अगदी कमीत कमी अंदाज धरला, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त संपूर्ण शरीरातील रक्तापेक्षा जास्त भरते. इतके रक्त सतत नव्याने तयार होणे शक्य नाही, तेव्हा तेच रक्त फिरत असले पाहिजे. धमन्यांतले रक्त शिरांत कोठून जाते, हे मात्र हार्वी यांना दाखवता आले नाही. तो दुवा 1661 मध्ये इटलीतील मार्चेल्लो माल्पीगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिला. त्या केशवाहिन्या होत.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. विश्रांतीच्या स्थितीत हृदय मिनिटाला 70च्या आसपास ठोके देते आणि दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. म्हणजे शरीरातले सगळे रक्त साधारण मिनिटाभरात एक फेरी पूर्ण करते आणि दिवसाकाठी हृदयातून 7,000 लिटरच्या आसपास रक्त जाते. हृदयाचे चार कप्पे असतात, वर दोन अलिंदे आणि खाली दोन निलये. उजवी बाजू प्राणवायू कमी झालेले रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू तेथून परतलेले रक्त सर्व शरीराला पुरवते. डाव्या निलयाला लांबचा पल्ला गाठायचा असल्याने त्याची भिंत जाड असते.

ठोक्याचा उगम हृदयातच आहे. उजव्या अलिंदाच्या भिंतीत विशिष्ट पेशींची एक गाठ असते. तिच्यात ठरावीक अंतराने विद्युत्-संवेद निर्माण होतो. मज्जातंतू ठोक्यांची गती कमीजास्त करतात, ठोका सुरू करत नाहीत. म्हणूनच मज्जातंतूंची जोडणी तुटलेले प्रत्यारोपित हृदयही नव्या शरीरात धडधडू शकते. भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केले. जगातले पहिले प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

रक्तवहनाचे खरे काम केशवाहिन्यांत होते. हृदय, धमन्या आणि शिरा ही तिथवर नेण्याआणण्याची व्यवस्था आहे. केशवाहिनी इतकी अरुंद असते की तांबड्या पेशींना तिच्यातून एकेक करून, कधी अंग दुमडून, जावे लागते. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते आणि रक्ताचा वेग तेथे सेकंदाला मिलिमीटरच्याही खाली उतरतो. देवाणघेवाणीला त्यामुळे सवड मिळते. शरीरातल्या बहुतेक पेशी कोणत्या ना कोणत्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाच्या आत असतात. तेवढे शेवटचे अंतर विसरणावरच सोपवलेले आहे. केशवाहिन्यांतून पाझरलेल्या द्रवापैकी जो लगेच परत शिरत नाही, तो लसिकावाहिन्या गोळा करून पुन्हा शिरांत आणून सोडतात.

रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिमोग्लोबिनवर अवलंबून आहे. लिटरभर रक्तद्रवात नुसता विरघळून मावणारा प्राणवायू सुमारे 3 मिलिलिटर असतो. हिमोग्लोबिनमुळे तेच प्रमाण 200 मिलिलिटरपर्यंत जाते. रक्तक्षयाच्या रुग्णाला जिना चढताना धाप लागते ती या क्षमतेत घट झाल्यामुळे.

पायांतले रक्त वर चढवण्याचे काम एकट्या हृदयाच्या दाबाने भागत नाही. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावताना शिरा दाबतात आणि शिरांतल्या झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत. वर्षानुवर्षे एका जागी उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात, त्याचे एक कारण या झडपा निकामी होणे हे आहे.

दोन विद्याशाखांना जोडणारा संशोधक : इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील धर्मोपदेशक स्टीव्हन हेल्स यांना या विषयात विशेष स्थान दिले पाहिजे, कारण वनस्पतीतला आणि प्राण्यातला दाब मोजण्याचे काम एकाच माणसाने केल्याचे असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. त्यांनी कापलेल्या द्राक्षवेलीच्या बुंध्याला काचेची नळी जोडून तिच्यात चढणारा रस मोजला. सूर्यफुलाचे रोप दिवसभरात पानांवाटे किती पाणी गमावते, हे वजन करून ठरवले. हे प्रयोग 1727 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 1733 मध्ये त्यांनी घोडीच्या धमनीला जोडलेल्या नळीत रक्त 8 फुटांहून अधिक उंच चढल्याची नोंद प्रसिद्ध केली. रक्तदाबाचे ते पहिले मापन होय.

वनस्पतींतील पाण्याचे वहन : वनस्पतीत दोन प्रकारच्या वाहक ऊती असतात. जलवाहिन्या (प्रकाष्ठ) मुळांनी शोषलेले पाणी व क्षार वर नेतात. रसवाहिन्या (परिकाष्ठ) पानांत तयार झालेले अन्न इतर भागांना पुरवतात. जलवाहिनीच्या पेशी काम सुरू होण्यापूर्वीच मरतात. मागे उरतात त्या कठीण भिंतींच्या पोकळ नळ्या.

अशा नळीतून पाणी वर चढते कसे, हा प्रश्न फार काळ अवघड ठरला होता. शोषून घेणारा कोणताही साधा पंप पाणी सुमारे 10 मीटरपेक्षा वर खेचू शकत नाही, कारण वातावरणाचा दाब तेवढ्याच उंचीचा स्तंभ पेलतो. माणसाच्या हृदयाचा 120 मिलिमीटर पाऱ्याचा दाब पाण्याला जेमतेम दीड-पावणेदोन मीटर चढवील. कॅलिफोर्नियातील सर्वांत उंच रेडवुड वृक्ष तर 115 मीटरच्या पुढे गेलेला आहे. मुळांकडून येणारा दाब, म्हणजे मूलीय दाब, खरा आहे. पावसाळी सकाळी अळूच्या पानांच्या टोकांशी जमलेले थेंब पुष्कळदा दव नसतात, मूलीय दाबाने बाहेर पडलेले पाणी असते. छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीतून गळणारे पाणीही त्यानेच येते. पण हा दाब उंच वृक्षाला पुरत नाही, आणि भर दुपारी, जेव्हा पाण्याची गरज सर्वाधिक असते, तेव्हा तो जवळजवळ नसतोच.

जिवंत पेशीच पाणी चढवत असतील का? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंच झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली. विष चढत गेले, वाटेतल्या पेशी मेल्या, तरी द्रावण वर जातच राहिले. चढाईचे बळ खोडातल्या जिवंत पेशींत नाही हे त्यातून दिसले. याउलट जगदीशचंद्र बोस यांनी 1923 मध्ये ग्रंथ लिहून असे मांडले की खोडाच्या आतल्या थरातील पेशी हृदयासारख्या स्पंद पावून रस वर ढकलतात. त्यांनी घडवलेली मापनयंत्रे असामान्य होती आणि वनस्पतींतील विद्युत्-संवेदांवरचे त्यांचे काम आज पुन्हा आदराने वाचले जाते. रसारोहणाचा हा सिद्धांत मात्र टिकला नाही.

टिकला तो आयर्लंडमधील हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 मध्ये मांडलेला सिद्धांत. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पानातल्या पेशींच्या ओल्या भिंतींवरून पाणी उडाले की तेथील अतिसूक्ष्म छिद्रांत पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि मागचे पाणी ओढतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने ही ओढ पानापासून मुळाच्या टोकापर्यंत एखाद्या ताणलेल्या दोरीसारखी पोचते. झाडातले पाणी त्यामुळे दाबाखाली नव्हे, ताणाखाली असते. पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये दाबपात्राच्या साहाय्याने हा ताण प्रत्यक्ष मोजला. कोकणच्या खाड्यांतल्या खारफुटीला हा ताण फारच मोठा लागतो. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे 25 वातावरणे असतो आणि त्यावर मात करूनच तिच्या मुळांना गोडे पाणी गाळून घेता येते.

या पद्धतीत झाडाची स्वतःची ऊर्जा जवळजवळ खर्च होत नाही, पण पाणी अमाप जाते. शोषलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक हवेत उडून जाते. कर्बवायू घ्यायचा तर पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडली की वाफ बाहेर पडणारच. रक्षक पेशी पोटॅशियम आत-बाहेर करून रंध्रांची उघडझाप करतात. निवडुंग, घायपात आणि अननस यांनी वेगळा मार्ग काढला आहे. ती रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडून कर्बवायू साठवतात आणि दिवसा बंद ठेवतात.

ताणाखालच्या पाण्याला दुसरा धोका हवेच्या बुडबुड्याचा. दुष्काळात ताण वाढला की नळीत बुडबुडा शिरून तिचा प्रवाह तुटतो. शेजारच्या नळ्यांना जोडणाऱ्या खाचांतील पडदे तो पसरू देत नाहीत, आणि पाणी दुसऱ्या वाटेने जाते. निशिगंधाचा दांडा पाण्याखाली धरून कापला तर फुले जास्त टिकतात, त्याचे कारण हेच.

प्राणवायूच्या बाबतीत वनस्पतीची व्यवस्था माणसापेक्षा अगदी वेगळी आहे. तिच्यात रक्तासारखा प्राणवायूवाहक नाही. पान, खोड आणि मूळ आपापल्या जागी हवेशी थेट देवघेव करतात, मुळे तर मातीच्या कणांमधल्या हवेवर जगतात. शेतात पाणी तुंबले की तुरीची मुळे गुदमरतात आणि पाण्यात उभे असलेले रोप सुकते. भाताच्या मुळांत व खोडांत हवेच्या पोकळ्या असल्याने त्याला हा त्रास होत नाही.

अन्नाचे वहन : रसवाहिन्यांच्या पेशी जिवंत असतात, पण त्यांच्यात केंद्रक नसते. त्यांचा कारभार शेजारच्या सहपेशी सांभाळतात. एर्न्स्ट म्युंख यांनी 1930 मध्ये मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार पानात साखर रसवाहिनीत भरली जाते, परासरणाने तिच्यामागोमाग पाणी शिरते आणि दाब वाढतो. मूळ, फळ किंवा कोवळा शेंडा येथे साखर काढून घेतली जाते व दाब उतरतो. या फरकामुळे रस तासाला अर्धा ते एक मीटर सरकतो. साखर भरण्यासाठी मात्र ऊर्जा खर्चावी लागते. रसाची दिशा ठरलेली नसते, गरजेप्रमाणे तो खाली किंवा वर जातो.

रसवाहिनीतला दाब शेतकऱ्याला दिसतो तो माव्यामुळे. मावा सोंड थेट रसवाहिनीत खुपसतो, रस दाबाने त्याच्या पोटात शिरतो आणि जादा साखर बाहेर पडून ज्वारीच्या पानांवर चिकटा पसरतो. संशोधकांनी माव्याचे धड सोंडेपासून तोडून, तिच्यातून ठिबकणारा शुद्ध रस तपासण्यासाठी गोळा केला आहे. गोव्यात रेंदेर माडाची पोय छेदून काढतो ती ताजी, गोड सूर म्हणजेही रसवाहिन्यांतला रस. उसाचा रस या प्रकारचा नाही. ती खोडाच्या पेशींत साठवलेली साखर आहे.

खोडाच्या सालीचा पूर्ण वेढा काढला तर रसवाहिन्या तुटतात, जलवाहिन्या शाबूत राहतात. वेढ्याच्या वर अन्न साचते आणि तो भाग फुगतो, हे माल्पीगी यांनीच नोंदवले होते. द्राक्ष बागायतदार सालीची अरुंद पट्टी काढून मणी मोठे करतात ते याच आधारावर. ती जखम काही आठवड्यांत भरून येते. वेढा रुंद असेल तर मुळे उपाशी राहतात. पाने मात्र पुष्कळ दिवस हिरवी दिसतात, कारण पाणी मिळतच असते. शेंडा सुकू लागतो तोपर्यंत मुळे मेलेली असतात आणि झाड वाचवता येत नाही. रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्यात रुतू लागलेली लोखंडी जाळी, आवळलेली तार किंवा दिव्यांच्या माळेची दोरी अशीच साल कापते. ती दिसली की झाड हिरवे असतानाच सोडवावी.